दाराप्रमाणे वर्गणी

गटाराच्या लाइनीचा खर्च कुणी किती उचलायचा, यावर वस्तीत बैठकांवर बैठका झाल्या आणि सगळ्या मोडल्या. माणशी वर्गणी म्हटलं की ज्यांच्या घरात खाणारी तोंडं जास्त ते उठून उभे राहायचे. जागेप्रमाणे म्हटलं की मोठ्या अंगणवाल्यांच्या पोटात दुखायचं. हमरस्त्याला कारखाना आल्यापासून वस्ती फुगली होती. ज्याच्या घरामागे चार हात जागा होती त्याने तिथे खोली उठवली, खोलीत भाडेकरू आणला आणि भाडेकरूसाठी आणखी एक शोषखड्डा खणला. खड्ड्याला खड्डा भिडला आणि गेल्या पावसाळ्यानंतर विहिरीच्या पाण्याला वास मारू लागला. घरटी एकजण तरी पोट धरून बसलेला असायचा. निम्मे पैसे सरकार देणार होतं, पण उरलेले निम्मे लोकांनी आधी भरून दाखवायचे होते.

शेवटी एक म्हातारा काठी आपटत उठला. "अरे, दारं मोजा की! माणूस खोटं बोलेल, दार कशाला बोलेल?"

हे सगळ्यांना पटलं. रस्त्यावर उघडणारं दार म्हणजे एक घर, आणि एक घर म्हणजे एक वर्गणी. कमिटीचा मुख्य होता किराणा दुकानदार. त्याने जाहीर केलं की येत्या महिन्यात मोजणी होईल, ज्यांना वर्गणी आधी भरायचीय त्यांनी दुकानात येऊन भरावी. लोक समाधानाने घरी गेले. वस्तीत एक गवंडी राहतो, हे तेवढं म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्याच सकाळी पिठाच्या गिरणीचा मालक गवंड्याच्या ओट्यावर येऊन बसला. त्याने मागच्या गल्लीला ओळीने खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीचं दार गल्लीत उघडत होतं.

"ती दारं बुजवून टाक," तो म्हणाला. "आतून चौकात काढू दुसरी."

"मग भाडेकरू यायचे कुठून?"

"येतील माझ्या पुढच्या दारातून. एक दार, एक वर्गणी. तू आपला विटा लाव. मजुरी रोख देतो."

गवंड्याने क्षणभर खाली पाहिलं. त्या उन्हाळ्यात बांधकामं थंडावलेली होती आणि थापी हातात धरून बरेच दिवस झाले होते. "लावतो," तो म्हणाला.

गिरणीवाल्याचं झालं तशी बातमी पसरली. मग काय, गवंड्याला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही. कुणाच्या गोठ्याचं दार, कुणाच्या धाकट्या भावाचं, कुणाच्या म्हातारीचं. चौकट उपटायची, तळाला पाणी मारायचं, माल कालवायचा, ओळंबा सोडून विटेवर वीट चढवायची, वरून गिलावा मारून जुन्या भिंतीच्या रंगात रंग मिसळायचा. हात त्याचा बसलेला होता. काम झाल्यावर तिथे कधी दार होतं हे शपथेवर सांगावं लागलं असतं. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "बघितलंत कशी लबाडी चाललीय?" आणि गवंड्याला मागच्या बाजूने आत घ्यायचा. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, असा सगळा मामला. गवंडी हसायचा, पैसे खिशात टाकायचा आणि घरी जाताना बायकोसाठी काहीबाही घेऊन जायचा. एवढी कमाई त्याने त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पाहिली.

त्याच्या स्वतःच्या घराला दोन दारं होती. पुढचं त्याचं. मागच्या गल्लीत उघडणारं वहिनीचं.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई त्याच्या लहानपणीच गेली, तेव्हापासून याला भरवलं, न्हाऊ घातलं, शाळेत नेऊन बसवलं आणि शाळेतून पळाला की कान धरून परत नेलं, ते वहिनीने. भाऊ गेल्यावर तिने मागची खोली घेतली आणि कोळशाची इस्त्री घेऊन दारात टेबल मांडलं. कारखान्यातले कारकून, मुकादम, शाळेतल्या बाई, सगळे तिच्याकडे कपडे टाकायचे. तिच्या हातची घडी मोडायला जिवावर येतं, असं गिऱ्हाईक म्हणायचं. दारात उभं राहून इस्त्री फिरवता फिरवता ती सगळ्या गल्लीशी बोलायची, येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करायची आणि संध्याकाळी कोळसे विझवून उंबऱ्यात पाय पसरून बसायची. कुणापुढे तिने कधी हात पसरला नव्हता.

मोजणी दोन दिवसांवर आली तेव्हा गवंड्याची बायको म्हणाली, "आपली दोन दारं मोजतील."

"मोजतील तर मोजतील."

"मग दोन वर्गण्या भरणार? जगाची दारं बुजवलीत आणि आपलीच उघडी ठेवून बसा. लोक हसतील."

पैसे होते. लोकांची दारं बुजवून आलेले पैसे पत्र्याच्या पेटीत, सदऱ्याच्या खाली होते, आणि त्यांत दोन काय, आणखीही वर्गण्या निघाल्या असत्या. पण पुढच्या खोलीवर स्लॅब टाकायचं त्याने मनात घेतलं होतं. शिवाय वहिनीची वर्गणी आपल्यालाच भरावी लागणार हे तो धरूनच चालला होता. इस्त्रीवाल्या बाईकडे एवढे पैसे कुठले असणार? तिला विचारावं असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

सकाळी घमेल्यात विटा घेऊन तो मागच्या गल्लीत गेला. वहिनी इस्त्रीत कोळसे भरत होती. तिने विटांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. तो दुसरीकडे बघत होता.

"काय रे?"

"थोड्या दिवसांचं आहे, वहिनी. मोजणी झाली की फोडून देतो. तोवर आमच्यातून ये-जा करा. तुमचंच घर आहे."

वहिनीने टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि आत ओढलं.

"बुजव बाबा," ती म्हणाली. "खिडकी तेवढी ठेव. कोळशाचा धूर जायला पाहिजे."

त्याने खिडकी ठेवली. बाकी भिंत इतकी साफ बांधली की त्याचं त्यालाच बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लगेच लाजही वाटली. गिलावा मारताना आतून इस्त्री टेबलावर आपटल्याचा आवाज येत होता. वहिनीने काम थांबवलं नव्हतं.

मोजणी झाली. दुकानदार आणि कमिटीची माणसं खडूने दारांवर खुणा करत गेली आणि मागच्या गल्लीतून एकही खूण न करता बाहेर पडली. वस्ती दुप्पट वाढली होती आणि दारं मात्र निम्मी भरली. दुकानदाराने कपाळावर हात मारला, पण बोलणार कुणाला? त्याच्या स्वतःच्या गोदामाचं मागचं दार गवंड्यानेच बुजवलं होतं. तेरी भी चुप, मेरी भी चुप. पैसे कमी पडले तसे पाइप कमी झाले, आणि पाइप कमी झाले तेव्हा कमिटीने नकाशा पुढे ओढून ठरवलं की मागच्या गल्लीत दारंच नाहीत, तर तिथे लाइन हवी कशाला? गल्ली गाळली. लाइनीवरच्या चेंबरचं बांधकाम मात्र गवंड्याला मिळालं. कारखान्याच्या ठेकेदाराकडे शिफारस करतो, असंही दुकानदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन वहिनीच्या भिंतीशी गेला. अजून पहिला घाव पडला नव्हता, तोच गिरणीवाला समोर.

"हे काय?"

"बोललो होतो फोडीन म्हणून."

"वेडा झालास? तुझं एक दार फुटलं की लोक म्हणणार, याचं होतं तर बाकीच्यांचीही असतील. पुन्हा मोजणी लागेल. आणि बुजवली कुणी म्हणून विचारलं की तुझंच नाव पहिलं येईल. चेंबरचं काम मिळालंय ना? गप कर." मग तो जरा हसला. "वहिनी काय, घरातल्या घरात आहे. कुठे रानात टाकलीस?"

गवंडी हातोडा घेऊन परत फिरला. तो घरात शिरला तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिने आवाज ऐकला असणार. तिने बाजूला सरून त्याला वाट दिली.

मग दिवस चेंबरच्या कामात जाऊ लागले. चर खणलेला, वर ऊन, आत ओल्या मातीची वाफ. तो खाली उतरून विटांचा गोल फेर लावायचा, आतून गुळगुळीत गिलावा करायचा, पाठ मोडून यायची. ज्यांच्या दारात लाइन आली ते लोक चेंबरसमोर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "वा, आता आमचं घर सुधारलं!" त्यांतल्या कितीजणांच्या घरात कुठल्या भिंतीआड कोण बसलंय हे गवंड्याला पाठ होतं. ते दात काढून हसायचे तेव्हा तो चरातून वर बघायचा नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात. त्याचा घसा सतत खवखवत होता.

घरात सगळं अवघडलं होतं. वहिनी पहाटे लवकर उठून त्यांच्या स्वयंपाकघरातून बाहेर जायची. यायच्या आधी ती दाराआड खोकायची, आणि कधी कधी तर बराच वेळ नुसतीच थांबून राहायची. गवंड्याच्या बायकोची भांडी पसरलेली असली की बाजूने, अंग चोरून. गिऱ्हाइकं पुढच्या दारातून यायची तर बायकोच्या कपाळाला आठी. "बाहेरचे पुरुष थेट चुलीपर्यंत येतात," ती म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग वहिनीने खिडकीतून देणं-घेणं सुरू केलं. पण खिडकीला गज होते. गठ्ठा गजांतून जायचा नाही. एकेक कपडा उभा करून, दुमडून बाहेर सरकवावा लागे, आणि तिच्या हातची घडी गल्लीत पोचेपर्यंत चुरगळून जाई. शाळेतल्या बाई दोनदा काही बोलल्या नाहीत, मग यायच्या बंद झाल्या. एकेक करून पुष्कळ गिऱ्हाइकं तुटली.

पुढच्या रस्त्याची लाइन चालू झाली, आणि वहिनीच्या खोलीतला संडास ज्या खड्ड्यावर होता, तो विहिरीपायी कमिटीने भरून टाकला. सगळेच खड्डे भरले. लाइन आली नव्हती त्या गल्लीत आता काहीच नव्हतं. वहिनीला जायचं तर घराच्या पुढच्या बाजूच्या संडासात, गवंड्याची आणि बायकोची अंथरुणं असतात त्या खोलीतून.

"रात्री-अपरात्री लागलं तर हाक मारा," गवंडी म्हणाला होता.

"मला नाही लागत रात्री," वहिनी म्हणाली होती.

एके दुपारी तो चेंबरमध्ये उतरला असताना बायको उन्हातून धावत आली. तिला एवढी धावताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. "चला, जाऊबाई पडल्यात."

वहिनी टेबलाखाली आडवी होती. खोली भट्टीसारखी तापलेली. इस्त्री टेबलावर पालथी पडून मुकादमाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तिचा काळा ठसा उमटला होता. कपडा जळल्याचा वास कोंडला होता आणि बाहेर जायला वाट नव्हती. त्याने तिला उचललं. हातात काही वजनच आलं नाही. लहानपणी तिने याला किती वेळा असं उचललं असेल, हे मनात आलं आणि तो तिला तसाच घेऊन दवाखान्याकडे धावला.

डॉक्टरांनी तपासलं, जिभेला हात लावून बघितलं, पोटावर दाबल्यावर वहिनी कळवळली. लघवीला जळजळ होते का विचारलं तर तिने लाजून गवंड्याकडे पाहिलं. तो बाहेर गेला. नंतर डॉक्टर बाहेर येऊन चिडून म्हणाले, "बाईंच्या अंगात पाणीच नाही. मूत्रमार्ग पार सुजलाय. एवढ्या उन्हाळ्यात कोळशापाशी उभं राहणारं माणूस, पाणी का पीत नाही?"

"तहान लागत नाही म्हणतात," गवंडी म्हणाला.

घरी आल्यावर, वहिनीला झोप लागल्यावर, बायको स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. तिचे डोळे सुजले होते.

"तुम्हाला खरंच कळत नाही का हो?" ती म्हणाली. "तहान कशाची लागत नाही! दुपार झाली की त्या तांब्याला हात लावत नाहीत. प्यायलं की जावं लागतं, आणि जायचं तर आपल्या अंगावरून. मला दिसत होतं. मी बोलले नाही. मला वाटलं, बरंच आहे, रात्री कटकट नाही." आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

मुकादमाचा माणूस संध्याकाळी सदऱ्याची भरपाई मागायला आला. गवंड्याने पेटी उघडून पैसे दिले. पेटीतली गड्डी अजून जाड होती.

सकाळी त्याने चेंबरवर जायचं सोडलं आणि छिन्नी-हातोडा घेऊन मागच्या गल्लीत गेला. या वेळी इकडेतिकडे पाहिलं नाही. भिंत पक्की होती. सिमेंट हात राखून घातलं नव्हतं, सांधे भरलेले, कुठे फट नाही. स्वतःच्या हाताला शिव्या घालत तो घाव घालत राहिला. हातोड्याचे आवाज ऐकून गल्लीच्या तोंडाशी माणसं जमली. गिरणीवाला धावत आला.

"अरे, काय चालवलंयस? समजावलं होतं ना तुला?"

"बाजूला व्हा. वीट लागेल."

"तुझं काम जाईल, समजलं? आम्हा सगळ्यांना खड्ड्यात घालतोयस."

"तुमचंही दार मीच बुजवलंय," गवंडी थांबून मोठ्याने म्हणाला. "तिथे सोनाराचं. तिकडे वळणावर त्या म्हातारीचं. सगळ्यांची मी बुजवलीत आणि पैसे घेतलेत. ज्याला मोजायची असतील त्याने परत मोजावीत. कुठे कुठे आहेत ते मी दाखवतो."

गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हळूच पाठ फिरवली, आणि मग दुसऱ्याने. गिरणीवाल्याने त्याला आईवरून एक सणसणीत शिवी हासडली आणि तोही गेला. त्या दिवसापासून वस्तीत गवंड्याला घरबांधणीचं काम मिळणार नव्हतं, हे त्याला तिथेच, हातोडा हातात असतानाच कळलं. तो फोडत राहिला. माणूस जाईल एवढं भोक पडल्यावर आतली कोंडलेली हवा त्याच्या तोंडावर आली.

अंगावरची धूळही न झटकता तो दुकानात गेला आणि पैशांची गड्डी काट्याशेजारी ठेवली.

"माझ्या घराला दोन दारं आहेत. दुसरी वर्गणी घ्या. वहिनीच्या नावाने."

दुकानदार त्याच्याकडे बघत राहिला. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती, चेहऱ्यावरून दिसत होतं. त्याने गिऱ्हाइकाला वाटेला लावलं आणि आवाज खाली आणला.

"तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अरे, वस्तीत पहिली वर्गणी तुझ्या वहिनीने भरली. बैठक झाली त्याच संध्याकाळी. सुट्टे, चुरगळलेले, रुमालात बांधून आणले होते. म्हणाली, माझं दार वेगळं, माझी वर्गणी वेगळी. दिराच्या डोक्यावर कशाला? मी म्हटलं, बाई, अजून कुणी भरली नाही, तुम्ही सबुरीने घ्या. तर म्हणाली, शेवटी भरायचेच ना." दुकानदाराने मान खाली घातली. "मोजणीला तिथे दार नाही निघालं. मी बोलावून विचारलं तिला. म्हणाली, बरोबर आहे मोजणी, आमच्यात एकच घर आहे. मग पैसे परत केले. आता मी तरी काय करणार?"

गवंड्याने गड्डी तिथेच राहू दिली. दुकानाची पायरी उतरताना त्याला दिसेनासं झालं, म्हणून खांबाला हात लावून उभा राहिला. ज्या सकाळी तो विटा घेऊन गेला होता, त्या सकाळी तिची वर्गणी भरून झाली होती. दाराचे पैसे तिने दिलेले होते, आणि तरी तिने टेबल आत ओढलं होतं.

घरी आला तेव्हा वहिनी उठून बसली होती. भोकातून उन्हाचा एक तुकडा तिच्या पायाशी आला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. बायको बाजूला तांब्या घेऊन बसली होती. त्याला पाहून ती उठली आणि आत गेली.

तो जमिनीवर बसला. लहानपणी मार खायचा असला की बसायचा तसा.

"तुम्ही भरली होतीत," तो म्हणाला. "मग बोलला का नाहीत? मी विटा घेऊन आलो तेव्हा एक शब्द बोलायचा होतात. मी वीटसुद्धा उचलली नसती."

वहिनीने त्याच्या केसांतली विटांची भुकटी बोटांनी झटकली.

"तुझं तोंड बघितलं ना मी," ती म्हणाली. "वर बघत नव्हतास. म्हटलं, पोराकडे पैसे नाहीत. कमीपणा वाटतोय त्याला. मी म्हटलं असतं की माझी भरून झालीय, तर तुला आणखी मेल्यासारखं झालं असतं. दोन दारांची राहू दे, तुझ्या एका दाराची तरी वर्गणी निघतेय की नाही कुणास ठाऊक, असं वाटलं मला. परत मिळालेले पैसे मग तुझ्या बायकोकडे दिले. म्हटलं, तुमच्या वर्गणीला जोड होईल. तुला सांगू नकोस म्हटलं तिला."

गवंडी तसाच बसला. आतल्या खोलीत पत्र्याची पेटी होती. तिच्यात सदऱ्याखाली त्या दिवशी काय होतं, हे त्याला माहीत होतं आणि बायकोला माहीत होतं. वहिनीला माहीत नव्हतं. तिने त्याच्यावर दया करून स्वतःचं दार दिलं होतं, आणि अजून, या क्षणी, ती त्याच्याकडे तशीच दयेने बघत होती. गप्प राहिलं असतं तर ती दया आयुष्यभर त्याला पुरली असती.

"पैसे होते माझ्याकडे," तो म्हणाला.

तिला ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. म्हणून तो पुन्हा म्हणाला, "होते, वहिनी. लोकांची दारं बुजवून आलेले. दोन्ही वर्गण्या निघाल्या असत्या. मला स्लॅब टाकायचा होता."

केसांतून फिरणारा हात थांबला. तो तिने मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. बाहेर गल्लीत कुणीतरी विटांच्या तुकड्यांवरून पाय टाकत गेलं.

"एवढं सांगायला नको होतंस रे," वहिनी म्हणाली.

मग ती भिंतीला हात लावत उठली आणि टेबल दाराकडे ढकलायला लागली. तो मदतीला उठला, तर तिने मानेनेच त्याला नको म्हटलं.